१ नोव्हेंबर : एका तारखेची हकीकत

प्रार्थना आटोपली की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाचे दिनविशेष लिहावयाचे, ही मराठी शाळांतील फार जुनी रीत आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील ज्या मराठी माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवितो, तेथेही ती चालू आहे. काही वर्षांपूर्वी १ नोव्हेंबर रोजी हे काम आठवीच्या वर्गाकडे आले होते. एका मुलाने कोठल्याशा पुस्तकातून उतरवून घेतले होते, तसे त्याने सुवाच्य अक्षरांत लिहिले : "कर्नाटक, केरळ, मध्य प्रदेश व आंध्र प्रदेश या राज्यांचा स्थापना दिवस." त्याचा खडू खाली ठेवून होतो न होतो तोच मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, हा दिवस आपल्याला चांगला की वाईट? आमचे आजोबा म्हणतात, त्या दिवशी आपले किनवट गेले."

आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो आणि हजेरी घ्यावयास लागलो. शिक्षकाला हे साधते. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा माहितीपर लेख द्यावा असा चालकांचा आग्रह झाला, तेव्हा त्या मुलीला द्यावयाचे राहिलेले उत्तर येथेच लिहावे असे ठरविले. आपल्या भागातील वाचक अशा प्रसंगी १७ सप्टेंबरची अपेक्षा करतील. त्या दिवसाविषयी मराठवाड्यात व तेलंगणात पुष्कळ लिहिले गेले आहे व दरसाल लिहिले जाते. १ नोव्हेंबरकडे मात्र आपल्या जिल्ह्यात कोणी फारसे पाहत नाही, आणि आमच्या मते आपल्या घरादारांवर, कागदपत्रांवर व मुलांच्या पाठ्यपुस्तकांवर त्या तारखेची खूण अधिक खोल आहे.

प्रथम 'एकच दिवस' म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील माणसाला ही गोष्ट समजावयास कठीण जाऊ नये, कारण आपण एकाच वेळी तीनचार पंचांगे वापरीत आलो आहोत. निजामाच्या अमलात सरकारी दप्तर फसली सालाने चाले. महिन्यांची नावे आजर, दै, बहमन अशी इराणी धर्तीची होती. जुने सातबारे व दस्त ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना फसली सालात ५९० मिळविले की इसवी साल येते, हा हिशेब तोंडपाठ असतो. आमच्या घरी मोहरम, रमजान व दोन्ही ईद हिजरी महिन्यांप्रमाणे येतात, आणि ते महिने इंग्रजी वर्षाच्या मानाने दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतात. शेजारी गुढीपाडवा व पोळा शालिवाहन शकाप्रमाणे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच डोंगरात आहे. कोमराम भीम १९४० साली जोडेघाटच्या माळावर निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. पुस्तकांतून त्या दिवसाची इंग्रजी तारीख एकसारखी सापडत नाही. परंतु गोंड बांधवांना त्याची अडचण कधी भासलीच नाही. ते दरसाल आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, जोडेघाटला जमतात. केसलापूरची नागोबाची जत्रा तशीच पौष अमावास्येला भरते. तारीख कागदावर राहते व तिथी आभाळात दिसते, म्हणून असे झाले असावे.

इंग्रजी तारीख तरी सर्वत्र एक असते काय? तेही नाही. अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची पहिली मोठी चाचणी पॅसिफिक महासागरातील एनेवेटाक या प्रवाळबेटांवर केली, तेव्हा तेथे १९५२ सालच्या १ नोव्हेंबरची सकाळ होती. त्याच क्षणी लंडनमध्ये ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ होती, आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटून पाऊण तास झाला होता. एलुगेलाब नावाचे एक बेट त्या स्फोटात समुद्रातून साफ नाहीसे झाले. ही घटना कोणत्या दिवशीची, हे तुम्ही कोठे उभे आहात त्यावर ठरेल. म्हणून पुढे जे सांगावयाचे आहे ते इंग्रजी तारखेचे, आणि भारतातील घड्याळाचे, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आता १९५६ कडे येऊ.

त्या वर्षीचा १ नोव्हेंबर गुरुवारी आला. दिवाळीचे दिवस होते, दुसऱ्याच दिवशी अमावास्या होती. हिजरी सन १३७६ चा रबीउल अव्वल महिना संपत आला होता. त्या दिवशी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. न्यायमूर्ती फजल अली, पंडित हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांच्या आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरअखेर अहवाल दिला होता. आयोगाचे मत असे होते की, हैदराबाद संस्थानातील तेलुगु जिल्ह्यांचे तूर्त वेगळे राज्य असावे, आणि १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर विधानसभेने दोनतृतीयांश मतांनी ठरविल्यास ते आंध्रात मिळावे. दिल्लीने ते मानले नाही. १९५६ च्या ऑगस्टअखेर कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि अवघ्या दोन महिन्यांत चौदा राज्ये व सहा केंद्रशासित प्रदेश असा देशाचा नवा नकाशा तयार झाला. १ नोव्हेंबर हीच तारीख का, असे विद्यार्थी विचारतात. त्यात गूढ काही नसावे. महिन्याची पहिली तारीख धरली म्हणजे नोकरांचे पगार, खजिना व हिशेबाच्या वह्या तोडावयास सोयीचे पडते. एका दिवशी इतकी राज्ये जन्मली याचे कारण एवढेच की, ती सर्व एकाच कायद्याची लेकरे होती.

हैदराबादेत पंडित नेहरूंच्या हस्ते आंध्र प्रदेशाचे उद्घाटन झाले व संजीव रेड्डी मुख्यमंत्री झाले. मुंबईस त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी द्वैभाषिक राज्याची सूत्रे घेतली. मीर उस्मान अली खान हे ३१ ऑक्टोबरपर्यंत राजप्रमुख होते. दुसऱ्या दिवशी राजप्रमुख हे पदच उरले नाही. १७२४ पासून चालत आलेले हैदराबाद हे नाव, राज्याचे नाव म्हणून, त्या दिवशी संपले. आसफजाही घराण्याचे राज्य १९४८ लाच गेले होते, पण नाव आठ वर्षे टिकले होते.

ही सर्व मोठ्या माणसांची गोष्ट झाली. आदिलाबाद जिल्ह्यात काय झाले ते कायद्याच्या कलम ३ व कलम ८ मध्ये चारपाच ओळींत लिहिले आहे. त्या ओळी आम्ही अनेकदा वाचल्या आहेत. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशाकडे, पण किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल वगळून. ते तीन तुकडे मुंबई राज्यास, नांदेड जिल्ह्यात. उलट नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही तीन सर्कले आंध्र प्रदेशाकडे, आणि पुढे ती आदिलाबाद जिल्ह्याचा भाग झाली. राजुरा १९५९ साली नांदेडातून निघून चांदा जिल्ह्यात गेले.

याचा साधा अर्थ असा की, रेणुकामातेचे माहूर, आणि माहूरच्याच डोंगरातील सोनापीरची दर्गा, गेले. सरस्वतीचे बासर आले. आदिलाबादहून माहूरला पायी जाणारे लोक आमच्या लहानपणीही जात होते, आताही जातात. उरुसाला जाणारेही जातात. त्यांना वाटेत कोठे राज्य बदलले हे डांबरी रस्त्याच्या रंगावरून कळते, असे गमतीने म्हणतात.

रेषा भाषेप्रमाणे ओढली असे कायदा सांगतो, आणि ठोकळमानाने ते खरेही आहे. परंतु भाषा रेषेप्रमाणे राहत नाही. पैनगंगेच्या काठी बेला, जैनद, तामसी या बाजूंना घरोघर मराठी ऐकू येते. किनवटच्या बाजारात तेलुगु बोलणारे पुष्कळ. मुधोळ-भैंशाकडे तर एकाच घरात चुलत्याशी तेलुगु, आजीशी मराठी व दुकानदाराशी उर्दू चालते. आणि या सर्वांच्या आधीपासून ज्या गोंडी व कोलामी भाषा या डोंगरात आहेत, त्यांचे नाव त्या वाटणीत कोणी घेतलेच नाही. रेषेच्या दोन्ही अंगांना गोंडच राहिले. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १९४० नंतरच्या काळात हायमेनडॉर्फ या पंडिताच्या प्रयत्नाने मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, आणि गोंडी मुलांसाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके छापली गेली. ती देवनागरी लिपीत होती. राज्य बदलल्यावर शाळेची भाषा तेलुगु झाली, लिपी बदलली. घरात गोंडी, बाजारात मराठी आणि पुस्तकात तेलुगु, अशा अवस्थेत ज्या पोरांनी शाळा सोडली, त्यांची गणती कोणी ठेवली असेल असे वाटत नाही. १ नोव्हेंबरच्या दिनविशेषात ही ओळ कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही येथे लिहिली.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे अब्बा १९५१ साली इस्लापूर सर्कलमधील एका लहान खेड्यात जन्मले. सहस्रकुंडाचा धबधबा तेथून फार दूर नाही. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून गावाचे नाव व पुढे 'तालुका बोथ, जिल्हा आदिलाबाद' असे आहे, आणि ते लिहिले तेव्हा बरोबरच होते. पुढे आमच्या आजोबांनी रोजगारासाठी आदिलाबाद शहरात बिऱ्हाड केले व सर्वजण येथलेच झाले. काही वर्षांपूर्वी अब्बांना एका कामासाठी रहिवासाचा कागद हवा होता. एका कचेरीतील कारकुनाने संगणकावर बोथमधील गावांची यादी काढली, दोनदा वरखाली केली व सांगितले, "या नावाचे गावच आमच्यात नाही." आम्ही रेषेपलीकडील कचेरीत गेलो. तेथे गाव होते, परंतु ते 'किनवट तालुका, जिल्हा नांदेड' म्हणून. तेथील साहेब म्हणाले, "दाखल्यावर बोथ लिहिले आहे. बोथ आमच्याकडे येत नाही." तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेस एका वकील मित्राकडून आम्ही कायद्याच्या त्या दोन कलमांची नक्कल घेऊन गेलो आणि 'इस्लापूर सर्कल' या शब्दांखाली तांबडी रेघ मारून पुढे ठेवली. कारकून वाचीत राहिला, मग आपल्या वरिष्ठांना बोलावून आणले. शेवटी कागद मिळाला.

घरी येताना आम्ही अब्बांना विचारले, तो दिवस तुम्हाला काही आठवतो का? ते म्हणाले, "पाच वर्षांचा होतो. राज्य बदलले हे कोणी सांगितल्याचे आठवत नाही. दिवाळी होती. शेजारच्या पाटलांकडून करंज्या आल्या होत्या, त्या अम्मीने शिंक्यावर ठेवल्या आणि मी पाट ठेवून काढल्या."

सर्वांचे असे करंज्यांवर निभावले नाही. जिवती व केरामेरी यांच्या मधल्या डोंगरात चौदाएक गावे आहेत : परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर वगैरे. राजुरा इकडून तिकडे गेले तेव्हापासून ही गावे कोणाची, हा वाद चालत आला. अगदी अलीकडेपर्यंत तेथील लोकांजवळ दोन राज्यांची शिधापत्रके, दोन मतदारयाद्यांत नावे, आणि गावात एक मराठी व एक तेलुगु अशा दोन शाळा, असा संसार होता. बाहेरच्यांना त्याचे कौतुक वाटते. ज्याला जमिनीचा पट्टा हवा असतो त्याला वाटत नाही.

आपल्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू : दिवस चांगला की वाईट? भारतात या एका तारखेइतकी उलटसुलट पाळली जाणारी दुसरी तारीख आम्हाला माहीत नाही. कर्नाटकात त्या दिवशी राज्योत्सव असतो, लाल-पिवळे झेंडे लागतात. त्याच राज्यातील बेळगावात मराठी भाषिक १९५६ पासून तोच दिवस काळा दिवस म्हणून पाळतात, दंडाला काळी फीत बांधून फेरी काढतात. एकाच रस्त्यावर सकाळी एक मिरवणूक व नंतर दुसरी. मध्य प्रदेशात व केरळात समारंभ. आपल्याकडे अनेक वर्षे तो आंध्र प्रदेशाचा स्थापना दिवस म्हणून साजरा झाला, तर वेगळ्या तेलंगणाच्या चळवळीत तोच दिवस विश्वासघाताचा म्हणून काळे झेंडे लावले गेले. २ जून २०१४ पासून तेलंगणाचे स्वतःचे राज्य झाले व शाळेतला झेंडा त्या दिवसाकडे गेला. २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, आणि मुधोळ, भैंसा व बासर निर्मल जिल्ह्यात गेले. साठ वर्षांत त्या गावांनी नांदेड, आदिलाबाद, निर्मल असे तीन जिल्हे आणि हैदराबाद, आंध्र, तेलंगण अशी तीन राज्ये पाहिली.

१९५६ नंतर ही तारीख सरकारांच्या अंगवळणीच पडली असे दिसते. १९६६ साली पंजाबची भाषावार फेररचना होऊन हरियाणा निघाला, तो १ नोव्हेंबरला. म्हैसूर राज्याने कर्नाटक हे नाव घेतले, ते १ नोव्हेंबर १९७३ रोजी. छत्तीसगढ २००० साली मध्य प्रदेशातून वेगळा झाला, तो मध्य प्रदेशाच्याच वाढदिवशी. येथे योगायोग नाही, मागच्याचे पाहून पुढच्याने तारीख धरली. १९५६ च्या आधी दोन वर्षे, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, पाँडिचेरी, कारिकल, माहे व यानम या फ्रेंच वसाहतींचा कारभार भारताकडे आला होता. त्याच दिवशी फ्रान्सच्याच ताब्यातील अल्जीरियात स्वातंत्र्याचे सशस्त्र बंड सुरू झाले. एकीकडे फ्रेंच झेंडा सह्या होऊन उतरला, आणि दुसरीकडे तो उतरावयास १९६२ साल उजाडले, तेही फार मोठ्या रक्तपातानंतर. वर्गात हे दोन प्रसंग शेजारी शेजारी मांडले असता मुले आपोआप बोलू लागतात, असा आमचा अनुभव आहे.

आणि त्या १९५६ च्या गुरुवारी बाहेर काय चालले होते? हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नॉज यांनी त्याच दिवशी वॉर्सा करारातून बाहेर पडल्याचे व आपला देश तटस्थ असल्याचे जाहीर केले. तीन दिवसांत रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. इजिप्तवर सुवेझसाठी ब्रिटिश व फ्रेंच विमाने बॉम्ब टाकीत होती. सारे जग तिकडे पाहत असताना इस्लापूर सर्कल बोथमधून कापले गेले, तर त्याची बातमी कोठे व किती छापली गेली असेल!

याहून जुना १ नोव्हेंबर १८५८ चा. त्या दिवशी अलाहाबादेस लॉर्ड कॅनिंगने राणीचा जाहीरनामा वाचला, कंपनीचे राज्य संपले, आणि इंग्रजांच्या खुनात हात नसलेल्या बंडवाल्यांस माफीचे वचन मिळाले. इकडे निर्मलच्या परिसरात रामजी गोंडाने रोहिल्यांना बरोबर घेऊन मांडलेली झुंज त्यानंतरही चालली, आणि १८६० साली तो निर्मलला फासावर गेला. त्याच्यासह हजारांना एका वडाला लटकाविले असे लोक सांगतात, व त्या वडाला हजार फासांचा वड म्हणतात. आकडा लोकांचा आहे. गोंड आणि रोहिले एकत्र लढले, ही गोष्ट मात्र निर्मलच्या मुलांना आम्ही नेहमी सांगतो.

निव्वळ योगायोगाचे एक उदाहरण देऊन पुरे करतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी पोर्तुगालच्या लिस्बन शहरात प्रचंड भूकंप झाला. सर्व संतांचा सण असल्यामुळे लोक चर्चमध्ये होते व मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. इमारती कोसळल्या, समुद्र आत आला, आणि उरलेले आगीने खाल्ले. ज्या दरबारातून गोव्यावर हुकूम सुटत, ते शहर एका सकाळीत गेले. त्याचा आपल्या १९५६ शी कसलाही संबंध नाही. दिनविशेषाच्या फळ्यावर मात्र तो भूकंप आणि आंध्र प्रदेश एकाखाली एक येतात, आणि मुलांना वाटते की हा दिवसच काही विशेष आहे. ज्योतिषी यावर पोट भरतात. शिक्षकाने निदान कोणत्या दोन ओळी एकाच कारणाने तेथे आल्या आणि कोणत्या उगाच शेजारी बसल्या, एवढे तरी वेगळे करून दाखवावे.

पुढच्या वर्षी १ नोव्हेंबर आला तेव्हा ती मुलगी नववीत होती. आम्ही तिला कायद्याची तीच नक्कल, अब्बांच्या दाखल्यासाठी तांबडी रेघ मारलेली, वाचावयास दिली आणि फळा तिच्याकडे सोपविला. तिने लिहिले : "१ नोव्हेंबर १९५६. किनवट, राजुरा व इस्लापूर आदिलाबाद जिल्ह्यातून गेले. मुधोळ, भैंसा व कुबेर आले." मधल्या सुट्टीत आम्ही वर्गावरून गेलो, तेव्हा त्याखाली दुसऱ्या कोणाच्या तरी वाकड्या अक्षरांत भर पडली होती : "बासर पण."